श्वासपटलाचा मज्जातंतू

मानेतील तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मज्जामुळांतून उगम पावून हृदयावरणाच्या कडेकडेने खाली उतरणारे फ्रेनिक नावाचे दोन मज्जातंतू श्वासपटलाला हालचालीचा हुकूम पोहोचवितात. आणि शांत श्वसनाचा बहुतेक भार वाहणाऱ्या या स्नायूला अन्य मार्गाने आज्ञा मिळण्याची तजवीज नसल्यामुळे, एका बाजूचा तंतू तुटला की त्या बाजूचे श्वासपटल निश्चेष्ट होऊन वर चढते व फुफ्फुसाची जागा अडविते.

उरोस्थीमागील थायमस ग्रंथीत उद्भवणारी थायमोमा ही गाठ नेमकी याच तंतूच्या शेजारी वाढते. तिने तंतूला ग्रासले असेल, तर तिचा निःशेष उच्छेद करताना तेवढा भाग बहुधा कापावा लागतो. निरोगी फुफ्फुसांचा मनुष्य हे सोसतो. परंतु थायमोमाच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांना मायस्थेनिया हा स्नायूंना दुबळे करणारा विकारही जडलेला असतो, आणि त्यांच्यासाठी ही हानी प्राणांवर बेतू शकते.

तथापि छेद झाला म्हणून तंतू कायमचा बरखास्त झाला, असे नव्हे. 1850 साली ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेकडे जाणारे तंतू कापून दाखविले की मूळ पेशीपासून विलग झालेला भाग विघटन पावतो. मात्र त्याची पोकळ आवरणे मागे राहतात, आणि वरच्या टोकातून फुटणारे अंकुर त्यांत शिरले, तर दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर पुढे सरकतात. टोके सहज भिडत असतील तर केसाहून बारीक धाग्याने ती थेट शिवतात. अंतर अधिक असता ती ओढून जुळविणे घातक ठरते, हे व्हिएन्नाच्या हान्नो मिलेसी यांनी आग्रहाने प्रतिपादिले. म्हणून पोटरीमागील सुरल तंतूचा तुकडा मध्ये बसवितात, ज्याची किंमत पावलाच्या बाहेरच्या कडेची बधिरता एवढीच असते. क्वचित बरगड्यांमधील तंतूही वळवून जोडतात.

यश हमखास नाही. तंतू जुळलाच नाही, तर सैल पडलेल्या श्वासपटलाला चुण्या घालून ते खाली ताणून बसविण्याचा उपाय उरतो. पण आज्ञेवाचून राहिलेला स्नायू वर्षदीड वर्षात पुनरुज्जीवनाची क्षमता गमावीत जातो आणि अंकुरांना तेथवर पोहोचण्यास कित्येक महिने लागतात. यास्तव छाती उघडी व दोन्ही टोके दृष्टीसमोर असताना, त्याच बैठकीत दुरुस्तीचा यत्न करणे मला सर्वथा श्रेयस्कर वाटते. ज्यांच्या घरी अशा शस्त्रक्रियेचा प्रसंग आला असेल, त्यांनी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच शल्यविशारदांना विचारावे, की फ्रेनिक तंतू कापावा लागल्यास तो जोडण्याची काय व्यवस्था आहे, आणि सूक्ष्मशल्यक्रियेचा जाणकार त्या दिवशी हजर राहील काय.