रजेवरून परतल्यावरच्या गप्पा

डॅशबोर्डचं मला वेडच आहे, पण कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा डेटा म्हटलं की एचअँडएम या कपड्यांच्या कंपनीचं जर्मनीतलं प्रकरण आठवतं. न्यूरेम्बर्गच्या सेवा केंद्रात सुट्टीवरून, आजारपणातून परतलेल्यांशी वरिष्ठ आपुलकीने बोलत आणि लक्षणं, निदान, घरच्या कटकटी गुपचूप नोंदवून ठेवत. कामगिरी जोखताना हीच माहिती वापरली जाई! सुमारे ५० व्यवस्थापकांना ती उघडता येई. ऑक्टोबर २०१९मध्ये सेटिंग चुकलं आणि त्या नोंदी काही तास अख्ख्या कंपनीला दिसल्या. २०२०मध्ये दंड झाला : ३ कोटी ५३ लाख युरो.

खरं तर कर्मचाऱ्यांवरचा ताण कुठे वाढलाय हे कळायला अशा वैयक्तिक नोंदींऐवजी डॅशबोर्डवर टीमचे एकत्रित आकडे बऱ्याचदा पुरतात : जादा तास, न घेतलेल्या रजा. टीम चौघांचीच असेल, तर मात्र त्यातूनही माणूस ओळखू येतो.