सर्पविषावरचा उतारा शुद्ध कसा होतो?

शहापूर-मुरबाडकडे पाऊस स्थिरावला की भातलावणीची घाई सुरू होते. चिखलात वाकून आवण लावणाऱ्याला बांधाच्या गवतातला साप दिसत नाही. विषारी साप चावला, तर खात्रीचा उतारा एकच: रुग्णालयातले प्रतिविष. ते तयार तरी कसे होते?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अगदी अल्प मात्रेत घोड्याला टोचतात आणि मात्रा हळूहळू वाढवतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाला निकामी करणारी प्रतिपिंडे तयार होतात. मुंबईच्या हाफकिनचे नाव या कामाशी अनेक दशके जोडलेले आहे.

पण घोड्याचे रक्त जसेच्या तसे माणसाला देता येत नाही. त्यातल्या परक्या प्रथिनांमुळे अंगावर पित्त उठते, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. म्हणून आधी रक्तपेशी वेगळ्या करतात. उरलेल्या द्रवात पेप्सिन घालतात. आपल्या जठरात अन्न पचवणारे ते हेच. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. पेप्सिन त्याचा देठ तोडते. विष पकडणारे दोन हात शाबूत राहतात. मग अमोनियम सल्फेटसारखा क्षार घातला, की दुधात लिंबू पिळल्यावर चोथा वेगळा व्हावा, तशी प्रथिने टप्प्याटप्प्याने वेगळी होतात. शेवटी क्षार काढून, गाळून, गोठवून सुकवतात. ही भुकटी फ्रीजशिवायही टिकते. वीज जाणाऱ्या गावात हे फार मोलाचे.

आता घोड्याशिवाय प्रतिपिंडे मिळवण्याचे प्रयत्न चालू आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने अमेरिकी शास्त्रज्ञांसह नागकुळातील सापांच्या विषातल्या एका घटकावर मानवी प्रतिपिंड शोधले. ते संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा प्रतिपिंडाचे जनुक पेशींत घालून त्यांच्याकडून ते बनवून घेता येते. ते शुद्ध करताना मिश्रण 'प्रोटीन ए' लावलेल्या बारीक कणांच्या नळीतून सोडतात. प्रतिपिंड कणांना चिकटते, बाकीचे धुऊन जाते. मग सौम्य आम्लाने ते सोडवून घेतात. हे प्रतिपिंड उंदरांवर गुणकारी ठरले, पण घोणस-फुरशाच्या विषावर ते चालणारे नाही. तेव्हा आजचा आधार घोड्याचाच.

इतके शुद्ध करूनही काहींना प्रतिविषाची रिॲक्शन येते. म्हणूनच ते अॅड्रेनॅलिन हाताशी ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. साप चावल्यास जखम चिरू नका, दोरी आवळू नका, भगताकडे वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू न देता थेट रुग्णालय गाठा. उतारा कितीही शुद्ध असला, तरी तो वेळेत मिळायला हवा.