पितळेतला ताण

१८८८ साली जर्मन सैन्याने नवे काडतूस स्वीकारले. त्याच्या पुंगळीच्या बुडाचा व्यास होता साधारण १२ मिलिमीटर. हे माप आजही जिवंत आहे. १९०६ चे अमेरिकन .३०-०६, १९२५ चे .२७०, १९५२ चे .३०८ ही सगळी त्याच बुडावर उभी आहेत. वरचे अंग लांब-आखूड, मान रुंद-अरुंद, पण बूड तेच. एका मापाची पुंगळी दुसऱ्या मापात घडवता येते ती याच जोरावर. बूड जाड, भरीव असते. ठिणगी देणारी टोपी, म्हणजे प्रायमर, तिथेच बसतो, रायफलचा आकडा तिथेच पकडतो. ते बदलणे जवळपास अशक्य. बाकी सगळे पितळ साच्यात दाबून वळवता येते.

इंग्रजांनी ही वंशावळ नावातच ठेवली. मार्टिनी-हेन्री रायफलीचे काडतूस .५७७/४५०, म्हणजे .५७७ ची पुंगळी मानेशी आवळून .४५० ची केलेली. पुढे १९०७ मध्ये भारतात .४५० मापाच्या गोळ्यांवर सरकारने बंदी घातली, कारण त्या बंडखोरांच्या हातातल्या मार्टिनी-हेन्रींत चालतील अशी धास्ती होती. मग हॉलंड अँड हॉलंड या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने शिकाऱ्यांसाठी .५००/४६५ काढले. पुन्हा तीच युक्ती.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे काम घरोघरच्या टेबलांवर आले. अमेरिकन सैनिकांनी जपानी अरिसाका रायफली मायदेशी आणल्या, पण ७.७ मिलिमीटरची काडतुसे तिथे दुर्मीळ. .३०-०६ च्या पुंगळ्यांचा मात्र सुकाळ. ६३ मिलिमीटरची पुंगळी साच्यात दाबली की खांदा खाली सरकतो. वरचा जादा भाग कापून लांबी ५८ वर आणायची. उरलासुरला फरक पहिल्या बारात भरून निघतो, दाबाने पुंगळी फुगून चेंबरचा, म्हणजे रायफलीत काडतूस बसते त्या पोकळीचा, आकार घेते.

वाचायला सोपे वाटते. पण नवी मान तयार होते ती जुन्या खांद्याच्या आणि अंगाच्या पितळेतून, आणि ते पितळ खाली जाड होत गेलेले असते. मान जाड राहिली तर चेंबरमध्ये तिला फुलायला जागा उरत नाही, गोळी वेळेवर सुटत नाही आणि दाब भलताच चढतो. म्हणून ती आतून किंवा बाहेरून तासावी लागते. केसाएवढ्या जाडीचा हा हिशेब चुकवून चालत नाही. .३०८ चा मान्य कमाल दाबच दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे.

दुसरी अडचण धातूच्या स्वभावातली. काडतुसाचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे, ३० टक्के जस्त. थंड असताना दाबले की ते कडक होत जाते आणि शेवटी तडकते. पुण्याच्या तांबट आळीत ठोक्यांनी कडक झालेले तांबे भट्टीत तापवून मऊ करतात आणि पुन्हा ठोकायला घेतात, तत्त्व तेच. फरक इतकाच, की पुंगळीला ताव द्यायचा तो फक्त मानेला आणि खांद्याला. बूड मऊ पडले तर त्याला बाराचा दाब पेलवणार नाही. म्हणून काही जण पुंगळ्या पाण्यात उभ्या करून फक्त वरचा भाग ज्योतीत धरतात.

या तापवण्याचे मोल जगाला कळले ते आपल्याच पावसाळ्यात. ब्रिटिश फौजेची काडतुसे भारतात घोड्यांच्या पागांमध्ये साठवलेली असत. पावसाळा आला की न वापरलेली, धड दिसणारी काडतुसे आपोआप तडकत. कोणी हात लावला नव्हता, बार काढला नव्हता. याला सीझन क्रॅकिंग म्हणतात. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी इंग्लंडमध्ये त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसतो आणि स्फटिकांच्या सीमांवर धातू कुरतडतो. मात्र तडा जातो तो घडवताना आत ताण उरलेल्या पितळेलाच. बेताच्या उष्णतेने हा ताण जातो आणि पितळेचा कडकपणाही फारसा कमी होत नाही. मला या सगळ्या इतिहासात हा शोध सर्वांत मोठा वाटतो. पागेतल्या वासापासून धातूच्या कणांपर्यंतचा माग शास्त्रज्ञांनी काढला, आणि त्यातून पितळेच्या नळ्या, भांडी, यंत्रांचे भाग अशा कितीतरी वस्तूंचे आयुष्य वाढले.

घरी पुंगळी घडवणाऱ्यालाही हे लागू पडते. साच्यात ओढलेल्या मानेत ताण असतोच. वर ती अमोनियावाल्या पॉलिशने चकचकीत केली, तर पागेतलाच प्रयोग पुन्हा होतो. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याने मनाई आहे, त्यामुळे आपल्याकडे हे काम मुख्यतः कारखान्यांत चालते. त्यांतला खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे.

घडवलेल्या पुंगळीच्या बुडावर जुन्याच मापाची अक्षरे राहतात. ती वाचून कोणी काडतूस भलत्या रायफलीत भरू नये म्हणून डब्यावर नवे माप ठळक लिहितात. मानेला ताव दिल्याची खूण मात्र पितळेवरच उमटते, खांद्यापाशी निळसर-तपकिरी पट्टा. बाजारी काडतुसांवरून तो बहुधा घासून काढतात, लष्करी काडतुसांवर राहू देतात. तपासनिसाला मान तापवली आहे की नाही, हे त्यावरूनच कळते.