जुनं दप्तर आणि इतिहासाचा तास

२०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि बीडच्या कचेऱ्यांतलं बासनात बांधलेलं दप्तर बाहेर निघालं. खासरा पत्रकं, कोतवाल बुकं, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं. काही उर्दूत, काही मोडीत. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने निजामकालीन ‘हैदराबाद गॅझेटियर’ पारावरच्या गप्पांत आलं. पण गॅझेटियरात जातवार लोकसंख्या सापडते, कुणाच्या पणजोबांचं नाव नाही. आरक्षणाचा निवाडा काय व्हावा, हा वेगळा प्रश्न. कागद कुणी, कशासाठी लिहिला आणि त्यावरून काय सिद्ध होत नाही, हे मात्र प्रत्येकाला कळायला हवं. ते शिकवण्याची जागा म्हणजे शाळेतला इतिहासाचा तास.

यावर पालक विचारतात, पोराच्या हातात ऊसतोडीचा कोयता येऊ द्यायचा नसेल तर इंग्रजी-गणित हवं, सनावळ्या कशाला? आक्षेप पोकळ नाही. नुसत्या सनावळ्याच शिकवायच्या असतील तर तो मान्यच करावा. पण दिवाळीच्या सुमारास गाव का रिकामं होतं, मुकादमाची उचल का फिटत नाही, याचं उत्तर पर्जन्यछायेच्या भूगोलात आणि मजुरीच्या अर्थकारणात आहे; त्यावरच्या हक्काची गोष्ट इतिहासात. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं मोठ्या प्रमाणावर निघाली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि काम मागणं हा हक्क ठरला. हे ठाऊक असलेला माणूस तहसीलदारापुढे हात जोडत नाही, अर्ज देतो आणि पोच मागतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: इतिहासाने जातीधर्माची भांडणं पेटतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आरक्षण आंदोलनात झालेली बीडची जाळपोळ पाहिलेल्यांना ही भीती वाटणारच. मात्र तास बंद केला तरी इतिहास थांबत नाही; तो मोबाईलवर, जयंतीच्या भाषणात, पुराव्याविना चालूच राहतो. गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला १७६३ मध्ये पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. हिंदू विरुद्ध मुसलमान असा त्याचा पोवाडा सहज रचता येईल. पण तिथे निजामाच्या बाजूने लढताना मारला गेला तो त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर, आणि नागपूरकर जानोजी भोसले आधी निजामाकडे होते, मग पेशव्यांकडे वळले. एवढं सांगून वर्गाला ‘का?’ विचारायला एक तास पुरतो. फक्त त्या तासाला शिक्षक वर्गात हवा, मतदारयादीच्या कामावर नको.