नेम आणि नियम

वाचकहो, बसवनगुडीच्या शेंगदाण्यांच्या जत्रेत मुलांसमवेत हिंडताना फुग्यांवर नेम धरण्याचा मोह आपणांसही झाला असेल. हीच हौस शिस्तीने पुरवावयाची, तर एअर रायफलच्या नवशिक्यांच्या वर्गात सहकुटुंब जावे. तेथील पहिला धडा संयमाचा: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी, नळी कोणाकडेही रोखू नये आणि नेम धरीपर्यंत बोट चापावर नेऊ नये. दहा मीटरांवरील मधला ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा, छर्रा मात्र ४.५ मिलिमीटरचा! श्वास स्थिरावल्यावाचून तो साधत नाही. रायफलच्याच खेळात कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या. मुलांचा नेम चुकला, तर कौतुकाने हसावे. नियम चुकला, तर तत्क्षणी थांबवावे.