नाणेघाटातील नवकंकरीचा पट : रेषा आणि नियम

जुन्नरच्या पश्चिमेस, घाटघरच्या पुढे, सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाटाची खिंड आहे. कल्याण व सोपारा या बंदरांकडून जुन्नरमार्गे पैठणकडे जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग या खिंडीतून वर येत असे. तेथील लेण्यात सातवाहन राज्ञी नागनिका हिचा प्राकृत लेख आहे. कर्नल साइक्स यांनी १८२८ साली तो पाहिला, आणि त्यानंतर पुराभिलेखविदांनी त्याचे वारंवार वाचन केले. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आकडे त्यात ब्राह्मी अंकचिन्हांनी नोंदलेले असल्यामुळे अंकलेखनाच्या इतिहासातही त्याला मानाचे स्थान आहे. याच परिसरातील खडकांवर खेळाचे पटही कोरलेले आढळतात. मंकल्याचे खळगे, वाघबकरीच्या रेषा आणि नवकंकरीचे चौकोन हे त्यांतील परिचित प्रकार होत. त्यांकडे अभ्यासकांचे लक्ष मात्र फार उशिरा गेले.

लेख वाचता येतो. पट वाचता येतो काय, हा येथील प्रश्न आहे. खडकावर उरते ती केवळ आकृती. सोंगट्या निघून गेल्या, खेळणारे गेले, आणि नियम तर कोणी कोरलेच नव्हते. नवकंकरी हा खेळ आजही ज्ञात असल्यामुळे या प्रश्नाची परीक्षा तिच्यावर घेणे सोयीचे आहे.

प्रथम नावाविषयी. ‘कंकर’ म्हणजे खडा. त्याचे मूळ संस्कृत ‘कर्कर’ या शब्दापर्यंत नेता येते. ‘नव’ हे ‘नऊ’चे समासातील रूप, ‘नवरात्र’ व ‘नवग्रह’ यांत दिसते तेच. म्हणजे हे नाव पटाचे वर्णन करीत नाही; खेळाडूच्या हाती किती खडे असावेत, एवढेच ते सांगते. योगायोगाने खडकाने जे जपले नाही तेच नेमके शब्दाने जपले आहे. खडे कशाचे असावेत याला मात्र महत्त्व नाही. सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत बुद्धिबळाचा दृष्टांत आहे : लाकडी मोहऱ्यांऐवजी हस्तिदंती घेतल्याने खेळ बदलत नाही, परंतु मोहऱ्यांची संख्या बदलली की खेळाचे व्याकरणच बदलते. नवकंकरीला हा दृष्टांत अक्षरशः लागू पडतो.

पटाची रचना अशी. एकात एक असे तीन चौकोन काढावयाचे आणि त्यांच्या बाजूंचे मध्य चार आडव्या-उभ्या रेषांनी जोडावयाचे. सर्वांत आतला चौकोन मोकळाच राहतो. अशा रीतीने २४ स्थाने तयार होतात. दोन्ही खेळाडू आळीपाळीने आपापले ९ खडे रिकाम्या स्थानी मांडतात. सर्व खडे मांडून झाले म्हणजे रेषेवरून लगतच्या रिकाम्या स्थानी एकेक खडा सरकवावयाचा. एका सरळ रेषेत आपले तीन खडे आले की प्रतिपक्षाचा एक खडा उचलता येतो. मात्र पूर्ण रांगेतील खड्याला, अन्य खडा उपलब्ध असेतोवर, हात लावता येत नाही. ज्याचे दोनच खडे उरले अथवा ज्याला हलावयास जागाच राहिली नाही, तो हरला. तीन खडे उरलेल्या खेळाडूस कोठेही उडी मारण्याची मुभा काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी देत नाहीत.

आता या आकृतीकडे बारकाईने पाहावे. तीन स्थानांच्या रांगा एकंदर १६ होतात, आणि प्रत्येक स्थान बरोबर दोन रांगांत येते. रांग जुळविण्याच्या दृष्टीने कोपरा व मध्य यांत काहीच भेद नाही. भेद आहे तो हालचालीत. बारा कोपऱ्यांवरून दोनच वाटा निघतात. बाहेरच्या व आतल्या चौकोनांच्या मध्यांवरून तीन. आणि मधल्या चौकोनाच्या चार मध्यांवरून चार. नवखा खेळाडू कोपऱ्यांवर रांग बांधण्याची घाई करतो आणि पुढे तेथेच अडकतो. कारण कोणताही खडा न मरता मांडणी संपली, तर १८ खडे पटावर असतात व ६ स्थाने रिकामी राहतात. अशा दाटीत चार वाटांची ठाणी ज्याच्या हाती, त्याचा खेळ चालतो.

जाणत्या खेळाडूचे लक्ष दुहेरी रांगेकडे असते. बाहेरच्या चौकोनाच्या वरच्या बाजूचे दोन्ही कोपरे आणि मधल्या चौकोनाच्या वरच्या बाजूचे दोन्ही कोपरे आपल्याकडे असावेत. पाचवा खडा या दोन बाजूंच्या मध्यांमध्ये पुढेमागे सरकवीत राहावे. एक रांग मोडते त्याच क्षणी दुसरी जुळते, आणि प्रत्येक चालीस एक बळी मिळतो. येथे कोपऱ्यांचा उणेपणा आड येत नाही, कारण कोपऱ्यांवरील खड्यांना हलावयाचेच नसते. ही योजना मांडणीच्या वेळीच ओळखून मोडावी लागते. चाली सुरू झाल्यावर उपाय क्वचितच सापडतो. दोन्ही बाजू निर्दोष खेळल्यास डाव बरोबरीत सुटतो, हे राल्फ गॅसर यांनी १९९३ साली संगणकाच्या साह्याने सिद्ध केले.

इतके सगळे रेषांवरून निघते हे खरे. तथापि रेषांवरून सर्वच निघते असे मानणे धाडसाचे ठरेल. कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२८३ साली पूर्ण करविलेल्या क्रीडाग्रंथात हाच पट आहे, परंतु तेथे तो फाशांसहही खेळावा असे सांगितले आहे. फासा आला की दैव आले, आणि वरील हिशेबाला निराळे वळण लागले. आकृतीत मात्र तसूभर फरक नाही.

कालनिर्णयाविषयी तर अधिकच सावध राहिले पाहिजे. नागनिकेचा लेख सामान्यतः इ. स. पूर्व पहिल्या शतकातील मानतात. अक्षरांची वळणे शतकागणिक बदलतात, म्हणून ते शक्य होते. चौकोनाला असे वळण नसते. लेण्याच्या शेजारी पट आहे एवढ्यावरून त्याला सातवाहनकालीन म्हणणे म्हणजे लेखाचे वय पटाला उसने देणे होय. ईजिप्तमधील कुर्ना येथील मंदिराच्या छतावरील अशाच आकृतींना हेन्री पार्कर यांनी १९०९ साली मंदिराचेच वय दिले होते. पण तेथे कॉप्टिक क्रूसही कोरलेले असल्याने ते अनुमान पुढे संशयास्पद ठरले.

तेव्हा नोंद घेताना वयापेक्षा आकृतीकडेच अधिक लक्ष द्यावे. खडक सपाट आहे की उतरता, दोन माणसे समोरासमोर बसू शकतात काय, आणि विशेषेकरून चौकोनांचे कोपरे तिरप्या रेषांनी जोडले आहेत काय, हे पाहावे. या तिरप्या रेषा असल्यास रांगा १६ ऐवजी २० होतात. प्रत्येक चौकोनात कोपऱ्याला मध्याइतक्याच वाटा मिळतात. शिवाय कोपरा आता तीन रांगांत येतो, तर मध्य दोनच रांगांत राहतो. म्हणजे जे स्थान दुबळे होते तेच सरस ठरते. अशा पटावर पुष्कळदा बारा-बारा खडे घेऊन खेळतात. तेव्हा नवकंकरी हे नावही त्यास शोभत नाही. पावसाने व पायांनी झिजलेल्या कातळावर याच चार तिरप्या रेषा नजरेतून सुटण्याचा संभव असतो. नाणेघाटाप्रमाणेच आंबेगाव तालुक्यातील आहुपे घाटही मुरबाडकडे उतरतो. अशा घाटवाटांच्या माथ्यावरील कातळ पाहावयाचे तर ते सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात पाहावेत. भर दुपारी उथळ रेषा दिसत नाहीत.