कोणाला काय दिसावं? थेरपी सेंटरचं सॉफ्टवेअर लावताना

मुलांच्या वर्तन-थेरपीचं एखादं मध्यम आकाराचं सेंटर डोळ्यांसमोर आणा. तीन खोल्या, चार थेरपिस्ट, त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या एक मानसशास्त्रज्ञ आणि रिसेप्शनवर एक ताई. आजवर सगळं एक जाड रजिस्टर, व्हॉट्सॲप आणि कपाटातल्या फायली यांवर चाललेलं. आता सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलंय. उदाहरण म्हणून मी ‘ओपनईएमआर’ घेते, कारण ते मुक्तस्रोत आहे आणि त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत. सर्व्हर आणि देखभालीचा खर्च मात्र धरावा लागतो. तुम्ही दुसरं कुठलं घेतलंत, तरी ठरवायच्या गोष्टी याच राहतील.

पहिले दोन दिवस कॉम्प्युटर सुरूच करू नका. एका मोठ्या कागदावर डावीकडे सेंटरमधल्या माणसांची नावं लिहा आणि वर माहितीचे प्रकार: नाव-पत्ता, वेळ, निदान, सेशनच्या नोंदी, पालकांशी झालेलं बोलणं, फी. मग प्रत्येक चौकटीपाशी थांबून विचारा, ही माहिती नसली तर या माणसाचं काम अडेल का? अडत नसेल, तर ती चौकट रिकामी ठेवा. पुढच्या बहुतेक सेटिंग या कागदावरूनच भरायच्या आहेत.

ओपनईएमआरमध्ये प्रशासक, डॉक्टर, क्लिनिशियन, फ्रंट ऑफिस आणि हिशेब असे गट तयार मिळतात. रिसेप्शनच्या ताईंना फ्रंट ऑफिसमध्ये टाका: त्यांना वेळ, फोन नंबर, येणं-जाणं दिसेल, पण नोंदी दिसायला नकोत. मिळालेल्या गटावर विसंबू नका, त्यांच्या नावानं स्वतः लॉगिन करून खात्री करा. भेटीच्या नोंदीला ‘अति संवेदनशील’ अशी खूण करण्याचीही सोय आहे. आई घरातल्या मारहाणीबद्दल बोलली, तर ती नोंद या खुणेखाली जावी आणि ती पाहण्याचा हक्क फक्त पर्यवेक्षक मानसशास्त्रज्ञांना असावा. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन हवंच. मी एका सेंटरमध्ये सगळ्यांनी मिळून एकच लॉगिन वापरलेलं पाहिलंय. तिथे एका मुलाची नोंद बदलली गेली आणि ती कोणी बदलली हे शेवटपर्यंत कळलं नाही. सॉफ्टवेअर कोणी काय उघडलं याचं टिपण ठेवतं खरं, पण नावच एक असेल तर त्या टिपणाचा काय उपयोग?

हे केवळ शिस्तीसाठी नाही. मानसिक आरोग्यसेवेच्या 2017 च्या कायद्यानं उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या 2023 च्या कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अपेक्षा आहे. म्हणून मुलाच्या पहिल्या पानावरच चार रकाने वाढवा: संमती कोणी दिली, कोणत्या तारखेला, मुलाला न्यायला कोण येऊ शकतं आणि माहिती कोणाला द्यायची. आईवडील वेगळे राहत असतील, तर शेवटचे दोन रकाने फार मोलाचे ठरतात. दारात उभ्या असलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचं, हे रिसेप्शनच्या ताईंना ऐनवेळी शोधायला लावू नये.

आता वेळापत्रक. आधी सर्व्हरची वेळ तपासा. परदेशातला सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे आपले दुपारचे 4 तिथे सकाळचे 10:30 होतात. ‘लोकेल’च्या पानावर भारतीय वेळ, दिवस-महिना-वर्ष हा क्रम आणि रुपयाचं चिन्ह निवडा. मग भेटींचे प्रकार तयार करा: पहिली भेट, थेरपी सेशन, पालक-मार्गदर्शन, शाळा-भेट. सेशन 45 मिनिटांचं असलं तरी खोली 60 मिनिटं अडवा. 10 मिनिटं पालकांशी बोलायला आणि 5 मिनिटं नोंद लिहायला लागतातच. ती 5 मिनिटं वेळापत्रकात नसतील, तर नोंद रात्री घरी आठवून लिहिली जाते आणि आठवणीतून लिहिलेले आकडे खरे नसतात. शाळा सुटल्यावरच्या 4 ते 8 या वेळेसाठीच सगळी ओढाताण असते, म्हणून ठरलेल्या मुलांच्या भेटी ‘दर आठवड्याला’ म्हणून एकदाच भरून टाका आणि दिवाळी-गणपतीच्या सुट्ट्या आधीच बंद करा.

भेटीच्या स्थितीची यादी इथे तयार मिळते: आला, उशिरा आला, आला नाही, रद्द, आणि 24 तासांच्या आत रद्द. शेवटच्या दोन वेगळ्या असणं महत्त्वाचं, कारण फी घ्यायची की नाही हे त्यावर ठरतं. आणखी एक दक्षता: भेटीखाली शेरा लिहायला जागा असते. तिथे घाईत ‘चावतो, सांभाळून’ असं लिहिलं जातं आणि रिसेप्शनच्या पडद्यावर ते शेजारच्या मुलाची आईही वाचते. शेऱ्यात फक्त खोली आणि वेळ यांबद्दल लिहायचं, असा नियम पहिल्याच दिवशी करा.

सेशनच्या नोंदीवर मात्र मनापासून वेळ घाला. थेरपीचा खरा गाभा इथे आहे. ‘लेआउट’वर आधारलेले फॉर्म स्वतः बनवता येतात, त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. वर्तनाच्या नोंदीत तीन गोष्टी येतात: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्यानंतर काय झालं. पहिल्या आणि तिसऱ्याला यादीतून निवडायचे पर्याय द्या (काम सांगितलं, वस्तू काढून घेतली, लक्ष दिलं नाही), मधल्याला मोकळी जागा ठेवा. मग मोजणी. मारणं, चावणं किती वेळा झालं ते मोजायचं. रडणं, जमिनीवर लोळणं किती मिनिटं चाललं ते. दोन्हींना वेगळे रकाने हवेत.

सेशन प्रत्यक्षात किती मिनिटं झालं, हा रकाना अनिवार्य करा. मुलानं सोमवारी 30 मिनिटांत 12 वेळा मारलं आणि गुरुवारी 45 मिनिटांत 12 वेळा, तर कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. तासाच्या हिशेबानं मात्र 24 वेळा आणि 16 वेळा. मूल सुधारतंय, पण मिनिटं लिहिली नसती तर हे कोणाच्या लक्षात आलं नसतं. नवीन कौशल्य शिकवताना मदतीची पातळीही यादीतून निवडायला ठेवा: हात धरून, हलका स्पर्श करून, खूण करून, शब्दांनी सांगून, मदतीशिवाय. ‘आज छान केलं’ हे वाक्य पालकांना गोड वाटतं, पण पुढच्या महिन्यात त्यावरून काही ठरवता येत नाही.

पैशांच्या भागात अशी बरीच सॉफ्टवेअरं अमेरिकेच्या विमा-पद्धतीवर बेतलेली दिसतील. तिथे वर्तन-थेरपी 97153 सारख्या कोडखाली 15-15 मिनिटांच्या एककात मोजली जाते आणि विमा कंपनीची पूर्वपरवानगी लागते. आपल्याला ते नको. विम्याचे रकाने लपवा आणि सेशननिहाय दर ठेवा. महिन्याचे पैसे आगाऊ घेत असाल, तर ते जमा दाखवून दर सेशनला वजा होऊ द्या. मुलाच्या आजारपणात किती सेशन शिल्लक आहेत, यावरून होणारा गैरसमज त्यानं टळतो. पावतीवर तारीखवार सेशन, थेरपिस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक छापा. क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ आणि वाचा-उपचार तज्ज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. स्वमग्न मुलांच्या कित्येक पालकांकडे राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही 1 लाख रुपयांपर्यंतची विमा योजना असते. आधी खर्च करून मग भरपाई मागायची, तर पावती नीट हवी.

आठवणीचे एसएमएस पाठवायचे तर आपल्याकडे मजकूर आणि प्रेषकाचं नाव आधी दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत नोंदवावं लागतं, त्याला वेळ लागतो. मजकुरात मुलाचं पूर्ण नाव किंवा ‘थेरपी’ हा शब्द नको. ‘उद्या दुपारी 4 ला आपली भेट आहे’ एवढं पुरतं. फोन घरातल्या कोणाच्याही हातात असू शकतो.

सुरू करण्याआधी एक काल्पनिक मूल तयार करा. त्याची भेट ठरवा, ती रद्द करा, नोंद लिहा, पावती फाडा, मग रिसेप्शनच्या लॉगिनमधून ती नोंद उघडायचा प्रयत्न करा. उघडली, तर पुन्हा कागदाकडे जा. बॅकअप घेऊन तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवूनही पाहा. जुन्या फायली सगळ्या चढवायची गरज नाही: सध्या येणाऱ्या मुलांची उद्दिष्टं, सुरुवातीचे आकडे आणि संमतीपत्रं पुरेत, बाकीचं कपाटात कुलूपबंद राहू द्या. पहिले दोन आठवडे रजिस्टरही चालू ठेवा आणि रोज संध्याकाळी रिसेप्शनच्या ताई व एक थेरपिस्ट मिळून दोन्ही ताडून पाहतील, अशी पंधरा मिनिटं त्याच वेळापत्रकात अडवून ठेवा.